सात नंबरची नजर

सांगलीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाने भडंग न्यायचं असतं, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. मी भडंग नेलंच; पण त्या पिशवीपेक्षा जास्त जपून एक काळी पट्टी नेली. लांबीला शाळेतल्या फूटपट्टीएवढी. संगणकाच्या पडद्याखाली ती चिकटवली, की समोर बसलेल्या माणसाची नजर पडद्यावर कुठे गेली, कुठे किती वेळ थांबली, कुठून मागे फिरली, हे सगळं ती टिपून ठेवते. नंतर तेच पुन्हा लावून बघता येतं. नजर म्हणजे एक लाल ठिपका. जिथे ती रेंगाळते तिथे ठिपका मोठा होत जातो.

मी कॉलेजात संगणक शिकवते आणि बेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करते आहे. सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं दुसऱ्याने लिहिलेला कोड कशी वाचतात, हा माझा विषय. गोष्ट वाचावी तशी वरून खाली, की उड्या मारत? पट्टी मला एका प्रयोगशाळेने फक्त आठवडाभरासाठी दिली होती. तेवढ्यात बारा वाचक मिळवायचे होते. अकरा चालणार नाहीत, असं माझ्या गाईडनी निघताना फोन करून पुन्हा बजावलं.

सोमवार, लालबाग

आत्याच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि आत्या एकोणिसाव्या मजल्यावर राहते. चाळ गेली तरी दार लावून घ्यायची सवय तिला लागलेली नाही. मी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. आत्या समोरच्या घरात गवार निवडत बसली होती आणि तिच्या घरात समोरचे आजोबा बातम्या बघत होते. आमच्या गल्लीत हल्ली बंगल्याबंगल्यावर कॅमेरे लागलेत, त्यामुळे मला हे दृश्य फार आवडलं. पन्नास वर्षं मालवणी सासरात काढून आत्याची बोली पार बदलली आहे. तिने पट्टी उलटसुलट करून पाहिली.

"ही घेऊन लोकांचे डोळे तपासूक इलंस?"

डोळे नाही गं, नजर, मी म्हटलं. तिला त्यातला फरक काही पटला नाही. तिने बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला, आणि जेवताना आपली नजर कुठे जाते हे मी शास्त्रीय वृत्तीने पाहायचं ठरवलं. ती ताटातून हललीच नाही.

दुपारी परळच्या ऑफिसात गेले. एका जुन्या औद्योगिक इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा गाळा. खालच्या मजल्यावर शिवणाच्या मशिनी चालतात, त्यांची धडधड पायांना लागते. इथली माणसं छोट्या प्रसूतिगृहांसाठी आणि तपासणीच्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करतात. मालकाला धरून तेरा जण. मालक प्रकाश तांडेल, माहीमचे. त्यांना सगळे दादा म्हणतात. आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे सर असतात, त्यामुळे मालकालाच दादा म्हणताना माझी जीभ पहिले दोन दिवस अडखळत होती.

दादांनी परवानगी इतक्या लगेच दिली होती की मला जरा आश्चर्यच वाटलं होतं. त्याचं कारण चहाबरोबर बाहेर आलं. या ऑफिसात एक पद्धत आहे. हॉस्पिटलात जाणारी प्रत्येक गोष्ट जाण्याआधी एक माणूस शेवटची वाचून काढतो. त्या कामाला हे लोक शेवटची नजर म्हणतात. ते काम अकरा वर्षं रोहिणी कांबळे या बाई करतात.

"रोहिणी म्हणजे सोनं आहे," दादा म्हणाले. "पण तिच्याकडे गेलं की काम अडकतं. हॉस्पिटलवाले माझ्या डोक्यावर बसतात. ही निकिता बघा, एकदम फास्ट आहे. ते काम आता तिला द्यावं असं मनात आहे. तुमच्या मशीनमध्ये कळेल ना, कोण कसं वाचतं ते?"

मी सांगितलं, कळेल. पण नावं कुणालाच कळणार नाहीत. प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची आणि त्या नंबरानेच नोंद व्हायची. नाव नको, नुसतं दाखवा, ते म्हणाले. मला तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मी बारा वाचकांच्या लोभात होते.

वाचायला कोड कुठला द्यायचा, हेही त्यांनीच सोडवलं. सव्वीस वर्षांच्या निकिताने एकटीने केलेलं पहिलं मोठं काम नुकतंच पुरं झालं होतं. गिरगावातल्या एका प्रसूतिगृहात ते पुढच्या सोमवारी बसवायचं होतं, आणि घाई असल्यामुळे या वेळी शेवटच्या नजरेशिवायच. त्याच्या एका प्रतीत मी मुद्दाम एक चूक पेरली. ती शोधायची, पाच मिनिटांत. निकिताचाच कोड असल्याने तिला वगळलं, की उरले बरोबर बारा.

मंगळवार, हिंदमाता

पट्टी डोळ्यांवर न दिसणारा प्रकाश टाकून काम करते, आणि गाळ्याच्या पश्चिमेच्या खिडकीतून सगळं ऊन नेमकं खुर्चीवर येत होतं. पडदा हवा होता, म्हणून हिंदमाताला गेले. शालू, पैठण्या, नारायणपेठी यांच्या राशीत बसलेल्या दुकानदाराला मी तीन मीटर काळं कापड मागितलं. सणासुदीच्या तोंडावर बायकांनी काळं मागणं त्यांना बरं वाटलं नसावं. बॉटल ग्रीन घ्या, तुमच्या रंगाला खुलेल, असं त्यांनी दोनदा सुचवलं. खिडकीला लावायचंय म्हटल्यावर ते म्हणाले, मग खिडकीला खुलेल. काळं मिळालंच; पण निघताना हिरव्याचा एक ब्लाउजपीसही माझ्या पिशवीत होता. तो कसा आला हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

ऑफिसात परतून तालमीसाठी निकिताला बसवलं, तर पट्टीने तिची नजर थेट छतावर दाखवली. दोनदा, तीनदा, तेच. घाम फुटायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं, की मशीन तिच्या काजळालाच बुबुळ समजतंय. तिने काजळ पुसलं, ठिपका गुपचूप पडद्यावर आला. काजळाशिवाय आपण आजारी दिसतो, तेव्हा आज कुणी फोटो काढायचा नाही, असं तिने ऑफिसभर जाहीर करून टाकलं.

बुधवार आणि गुरुवार, परळ

दोन दिवसांत इतक्या तऱ्हा पाहिल्या. एक गृहस्थ कोड खालून वर वाचतात. एक जण वाचताना ओठ हलवतो, आणि दर दोन ओळींनी मान अशी डोलावतो की पट्टीला तो हरवल्यासारखा वाटतो. खुद्द दादा पहिल्या चार आणि शेवटच्या चार ओळी वाचतात आणि मधल्या भागावर विश्वास टाकतात. अगदी वरच्या ओळींत पेरलेली चूक मात्र प्रत्येकाला सापडत होती, बहुतेकांना तीन-चार मिनिटांत.

दुपारी सगळे डबे मधल्या टेबलावर उघडून ठेवतात आणि कोण कुणाच्या डब्यातलं खातंय याचा पत्ता लागत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येक जण आपापला डबा परीक्षेच्या पेपरासारखा झाकून खातो. इथे मी पहिल्याच दिवशी रोहिणीताईंच्या डब्यातली जवळ्याची चटणी दोनदा घेतली. बाई पन्नाशीच्या अलीकडच्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. नायगावच्या चाळीत वाढलेल्या. वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यावर यांनी दिवसा एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप केले आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन प्रोग्रामिंग शिकल्या.

गुरुवारी त्यांची पाळी आली. त्यांनी चिठ्ठी उचलली, सात नंबर. बसण्याआधी त्यांनी विचारलं, "हे दादांना कळणार?"

"नाही. तुमचं नाव कुठेच नसेल. माझा शब्द."

त्या बसल्या. ठिपका शांतपणे ओळीओळीने उतरला, मी पेरलेल्या चुकीवर क्षणभर थांबला आणि पुढे गेला. मला वाटलं, आता बोलतील. पण त्या बोलल्या नाहीत. ठिपका सव्विसाव्या ओळीवर पोचला, तिथून वर अठराव्या ओळीवर गेला, पुन्हा सव्विसाव्या, पुन्हा अठराव्या. पाच मिनिटं झाली. मी थांबवायला हवं होतं, पण मला ते जमलं नाही. अकराव्या मिनिटाला त्यांनी चष्मा काढला.

"विचारून सांगते."

कुणाला, मी विचारलं. गिरगावात, असं म्हणून त्या उठल्या. मी तक्त्यात लिहिलं: सात, अकरा मिनिटं, चूक सापडली नाही. ते लिहिताना मला वाईट वाटलं. दादांचं म्हणणंच खरं ठरतंय, असं वाटलं.

शुक्रवार, गिरगाव

बाराही नोंदी झाल्या होत्या, म्हणून मी रोहिणीताईंसोबत निघाले. टॅक्सीतून उतरल्यावर रोहिणीताईंनी आधी पियुष पाजलं आणि कोथिंबीरवडी खाऊ घातली. गिरगावात येऊन रिकाम्या पोटी परत गेलेल्या माणसाबद्दल त्यांचं मत चांगलं नसतं. गल्लीत लाकडी गॅलऱ्यांमधून कुंड्या बाहेर डोकावत होत्या. एका दारात एक आजोबा हार्मोनियमच्या पट्ट्या पुसत होते. मला सांगलीची आठवण आली आणि का आली ते कळलं नाही, कारण सांगलीत असं काहीच नाही.

चालता चालता त्या म्हणाल्या, "ती वरची चूक तुम्ही टाकलीत ना, मॅडम? निकिता तसं लिहीत नाही."

मी खजील झाले. मग बोललात का नाही, असं विचारलं, तर म्हणाल्या, खाली त्याहून मोठं काहीतरी दिसत होतं, ते सोडून वरचं काय सांगायचं. मग थोडं थांबून त्यांनी आपल्या वाचण्याबद्दल सांगितलं. लहानपणी त्यांच्या चाळीजवळच्या विहारात संध्याकाळी मोठी माणसं जमायची आणि त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम रोहिणीकडे असायचं. कुणाला कळलं नाही की ते हात वर करायचे, आणि ती ओळ पुन्हा वाचायची. "अजून मी तशीच वाचते. समोर कुणीतरी बसलंय असं धरून. त्यांनी हात वर केला की पुढे जाता येत नाही."

प्रसूतिगृह म्हणजे एका जुन्या इमारतीचे दोन मजले. फिनेलचा आणि शेपूच्या भाजीचा वास. तिथल्या परब सिस्टर रोहिणीताईंना ओळखत होत्या. रोहिणीताईंनी त्यांना एकच गोष्ट विचारली: जुळी झाली की तुम्ही एका ओळीत लिहिता की दोन?

"दोन," सिस्टर म्हणाल्या. "दोन जीव, दोन ओळी."

त्यांनी रजिस्टर काढून दाखवलं. बाळांच्या नावाचा रकाना सगळीकडे मोकळा होता. बारसं होईपर्यंत बाळाला नाव कुठून असणार? तोवर बाळ आईच्या नावाने ओळखलं जातं. जुळ्यांच्या दोन ओळींत आई तीच, तारीख तीच. एक आणि दोन हे आकडे फक्त बाळांच्या मनगटावरच्या पट्टीवर, कागदावर नाहीत.

रोहिणीताईंनी त्या दोन ओळींची ठेवण, नावं गाळून, एका कागदावर उतरवून घेतली आणि जिन्यात मला नीट समजावलं. कधी कधी एकच बाळ दोनदा नोंदलं जातं, एकदा प्रसूतीच्या खोलीत, एकदा वॉर्डात. अशी दुहेरी नोंद काढून टाकण्यासाठी निकिताने अठराव्या ओळीत तपासलं होतं: आईचं नाव तेच आणि जन्मतारीख तीच असेल, तर ते एकच बाळ. सव्विसाव्या ओळीत दुसरी नोंद पुसली जात होती.

म्हणजे सोमवारनंतर दुसरं बाळ, मी म्हटलं.

"बाळ आईजवळच असणार हो. पण नोंदीतून जाणार. वजन, लस, काविळीची तपासणी, सगळं एकाचंच. दुसऱ्याला कुणी हाक मारायची म्हटलं, तर त्याला अजून नावही नाही."

मी लगेच दादांना फोन करायला निघाले होते. त्यांनी माझा हात धरला. सोमवारला अजून दोन दिवस आहेत, म्हणाल्या. निकिताचं हे एकटीने केलेलं पहिलं काम. उद्या चहाला जिन्यात नेऊन तिला एकटीला सांगते. "माझी पहिली चूक सगळ्या ऑफिससमोर वाचली होती. महिनाभर मी खाली मान घालून डबा खाल्ला. तिला तसं नको."

तोवर गप्प राहायचं मी कबूल केलं.

शनिवार, परळ

त्यांची चहाची वेळ यायच्या आधीच दादांनी सगळ्यांना गोळा केलं. मॅडम आज जाणार, त्याआधी आपापल्या नजरा बघून घेऊ, ते म्हणाले. सोमवारचंच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं: नाव नको, नुसतं दाखवा. मला त्यात धोका दिसला नाही. पडद्यावर फक्त नंबर, कोड आणि लाल ठिपका.

तीन नंबर लावला. ठिपका खालून वर चढायला लागला आणि पाच सेकंदांत सगळे हसत सुटले, ते गृहस्थही. नऊ नंबरचा ठिपका मधला भाग ओलांडून गेला, तर सगळ्यांनी दादांकडे पाहिलं आणि दादाच सगळ्यांत जास्त हसले. वर्षानुवर्षं एका टेबलावर एकमेकांच्या डब्यातलं खाणारी ही माणसं. चालण्यावरून ओळखावं तसं ती एकमेकांना ठिपक्यावरून ओळखत होती. मी शब्द दिला होता तो माझ्या डोळ्यांदेखत मोडत होता, आणि मोडणारी मीच होते. तिथेच बंद करायला हवं होतं. पण दादांनी बोट पुढे करून सात नंबर लावला.

अठरा, सव्वीस. अठरा, सव्वीस. हसू विरत गेलं. बाजूला माझा तक्ता उघडाच होता आणि दादांनी तो वाचला. अकरा मिनिटं. चूक सापडली नाही.

"कोण ते सांगू नका, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. "कळलं."

रोहिणीताई आपल्या डब्याच्या झाकणाकडे बघत होत्या. कागद त्यांच्या पर्समध्ये होता. एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळं फिरलं असतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी किंचित मान हलवली, नाही. एक शब्द मी त्यांना दिलेला मोडला होता, आता दुसरा मोडायचा का, हे मला ठरवता येईना. दादांनाही अवघड जात होतं. अकरा वर्षं खूप झाली, रोहिणीलाही आराम हवा, सोमवारपासून शेवटची नजर निकिताकडे, असं ते कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाले.

निकिताचं लक्षच नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती, तिथे ठिपका अजून फिरत होता.

"मॅडम, हे परत लावा ना."

मी परत लावलं. ती खुर्ची ओढून पुढे सरकली. ठिपका वर गेला तशी तिची मान वर गेली, खाली आला तशी खाली. अठरा, सव्वीस. तिचा चेहरा बदलत गेला.

"दादा," ती म्हणाली, "जुळी झाली तर?"

खालच्या मशिनी ऐकू यायला लागल्या. रोहिणीताई उठल्या, पर्समधून कागद काढला आणि निकितासमोर ठेवला. "चहाला सांगणार होते," एवढंच म्हणाल्या. निकिताने कागद वाचला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या कमरेला मिठी मारली. रोहिणीताईंना असलं काही फारसं सवयीचं नसावं. त्या तिच्या डोक्यावर थोपटत राहिल्या, टाइप केल्यासारख्या.

दादांनी गिरगावला फोन लावला आणि सांगितलं की सोमवारी काही येणार नाही. रोहिणी हो म्हणेल तेव्हा येईल. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. त्या मशीनमध्ये मीही होतो ना, त्यांनी विचारलं. होतात, मी म्हटलं. आणि मला दिसलं नाही, ते म्हणाले.

मी निघाले तेव्हा निकिताची खुर्ची रोहिणीताईंच्या टेबलाशी लागलेली होती. रोहिणीताई मोठ्याने वाचत होत्या आणि निकिता अधूनमधून हात वर करत होती.

सांगली

मी रोहिणीताईंची माफी मागितली होती. त्यांनी उत्तरादाखल जवळ्याच्या चटणीची बाटली दिली. बॉटल ग्रीन ब्लाउजपीस मी त्यांना दिला, आणि तो त्यांना खरंच खुलला असेल.

पट्टी वेळेवर परत केली. गाईड म्हणाले, सात नंबरची नोंद काढून टाका. वेळ ओलांडली, उत्तर नाही. मी म्हटलं, ती काढली तर मी प्रबंधही काढून टाकेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सात नंबरसाठी वेगळं प्रकरण लिहायला सांगितलं. तक्त्यातलं वाक्य मी बदललं. खरी चूक न दिसलेल्यांची संख्या मी बारा लिहिली: अकरा वाचक आणि मी.

परवा निकिताचा एक फोटो फोनवर आला. गिरगावच्या संगणकाचा पडदा, सिस्टरना विचारून आणि नाव झाकून काढलेला. दोन ओळी. आईचं नाव झाकलेलं, तारीख तीच, वेळेत चार मिनिटांचा फरक. बाळ एक, बाळ दोन. नावाचे रकाने मोकळे.

मी वरची ओळ वाचली, मग खालची. पुन्हा वरची, पुन्हा खालची. चहा गार होईपर्यंत माझी नजर तिथेच वरखाली करत राहिली, थेट सात नंबरसारखी.